तिरळेपणा: भाग्याचें लक्षण कीं धोक्याची सूचना?

मांडीवर खेळणाऱ्या वर्षाच्या मुलाचा एक डोळा नाकाकडे वळतो, हें बहुधा आईच्याच प्रथम ध्यानांत येतें. ती शंका बोलून दाखविते, तों आजीबाई म्हणतात, "अगं, तिरळें मूल भाग्याचें!" काकू धीर देतात, "मोठा झाला कीं आपोआप सुटेल." दोघींचाही हेतु प्रेमाचाच, परंतु अशा समजुतींपायीं मुलाची दृष्टि गमावण्याचा संभव असतो.

प्रत्येक डोळा सहा स्नायूंच्या साहाय्यानें फिरतो. दोन्ही डोळे एकाच वस्तूवर रोखले, म्हणजे मेंदु दोन चित्रांचें एक चित्र करतो. एक डोळा भलतीकडे वळल्यास मोठ्या माणसास एकाच्या दोन वस्तु दिसूं लागतात. बालकाचा मेंदु मात्र त्या डोळ्याचें चित्र दडपूनच टाकतो. मूल तक्रार करीत नाहीं, आणि खरा घात येथेंच होतो. वापराअभावीं त्या डोळ्याची दृष्टि मंद होत जाते. डोळा निरोगी दिसतो, पण पुढें केवळ चष्म्यानें त्यास स्पष्ट दिसत नाहीं. दृष्टीची ही घडण मुख्यतः पहिल्या सात-आठ वर्षांत होत असल्यानें उपचार जितका लवकर, तितका गुण अधिक.

जन्मानंतरच्या पहिल्या तीन-चार महिन्यांत डोळे अधूनमधून भरकटतात, त्यांत वावगें कांहीं नाहीं. पुढेंही तसें दिसल्यास, अथवा डोळा सतत वळलेलाच असल्यास, नेत्रवैद्यास दाखवावें. नाकाचा उंचवटा रुंद असला, तर सरळ डोळेही तिरळे भासतात. दोन्ही बाहुल्यांत दिव्याचें प्रतिबिंब सारख्याच जागीं पडतें कीं नाहीं, यावरून कांहीं अंदाज येतो. निर्णय मात्र वैद्याचा. बाहुलींत पांढरी झांक दिसली, तर एक दिवसही दवडूं नये. क्वचित् तो डोळ्यांतील कर्करोग असतो.

कांहीं मुलांचा तिरळेपणा केवळ योग्य चष्म्यानें सुटतो. "मुलीच्या जातीला चष्मा कशाला?" म्हणून तो टाळणें हा अन्यायच होय. मंद डोळ्यास काम लावण्यासाठीं चांगला डोळा रोज कांहीं तास झांकण्याचा उपाय फ्रेंच शास्त्रज्ञ ब्यूफाँ यानें १७४३ सालींच सांगितला होता. तो आजही चालतो. मूल रडतें, आणि आजोबा कळवळून पट्टी काढतात! ही दया मुलास महाग पडते. बर्लिन येथें डीफेनबाख यानें १८३९ सालीं स्नायूंवर शस्त्रक्रिया करून तिरळा डोळा सरळ केला. आतां ती शस्त्रक्रिया सर्रास होते. पण तिनें डोळा सरळ झाला, तरी मंदावलेली दृष्टि तेवढ्यानें परत येत नाहीं.

म्हणून आईची शंका घरांतील वडीलधाऱ्यांनीं हंसण्यावारीं नेऊं नये. मुलाचें भाग्य तिरळ्या डोळ्यांत नसून, तो वेळेवर दाखविणाऱ्या माणसांत आहे.