साध्या गाडीनें सेंट मॉरिट्झला

आल्प्सचें नांव निघालें कीं मध्यम स्थितीच्या गृहस्थाच्या मनांत दोन विचार एकदम उभे राहतात: एक हिमशिखरांचा आणि दुसरा खर्चाचा. पहिला विचार मनाला ओढतो, दुसरा त्याला जागच्या जागीं बसवितो. स्वित्झर्लंड हा महागडा देश आहे, यांत शंका नाहीं. परंतु तेथील प्रवासाचा खर्च जितका अंतरामुळें वाढतो, तितकाच तिकिटांच्या अज्ञानामुळेंहि वाढतो. एकाच रुळावरून आणि एकाच दरींतून जाणाऱ्या दोन गाड्यांपैकीं एकीसाठीं जागा आधीं राखून जादा पैसे मोजावे लागतात, तर दुसरींत साधें तिकीट घेऊन सुखानें बसतां येतें. ही गोष्ट ज्याला ठाऊक आहे त्याचा बेत जमतो. इटलींतील मिलान शहरापासून स्वित्झर्लंडच्या आग्नेय कोपऱ्यांतील सेंट मॉरिट्झपर्यंतचा मार्ग हें याचें उत्तम उदाहरण होय.

सेंट मॉरिट्झ हें समुद्रसपाटीपासून सुमारें १,७७५ मीटर उंचीवरचें गिरिस्थान. १९२८ आणि १९४८ या दोन सालीं हिवाळी ऑलिंपिक सामने तेथें झाले. श्रीमंतांचें गांव अशी त्याची ख्याति आहे आणि तेथील मोठीं हॉटेलें पाहिलीं तर ती खोटी वाटत नाहीं. पण गांव श्रीमंतांचें असलें, तरी गांवाकडे जाणारी आगगाडी सर्वांची आहे.

मिलानहून तेथें जाण्याचे दोन टप्पे पडतात. पहिला टप्पा मिलानच्या मध्यवर्ती स्टेशनापासून तिरानो या सीमेवरच्या इटालियन गांवापर्यंतचा. ही गाडी साधी, प्रादेशिक स्वरूपाची असते. तिला आरक्षण लागत नाहीं, आणि तिचें भाडें अंतरावर ठरलेलें असल्यामुळें महिनाभर आधीं घेतलें काय किंवा त्याच सकाळीं घेतलें काय, तिकीट त्याच किंमतींत मिळतें. प्रवास सुमारें अडीच तासांचा. लेको गांव मागें पडलें कीं कोमो सरोवराचें पाणी डाव्या हाताला दिसूं लागतें. म्हणून मिलानला चढतांना डाव्या बाजूची खिडकी धरावी. एक गोष्ट मात्र विसरूं नये. कागदी तिकीट घेतलें असल्यास गाडींत चढण्यापूर्वीं तें स्टेशनावरील यंत्रांत घालून त्यावर वेळेचा शिक्का उमटवून घ्यावा लागतो. तसें न केल्यास पैसे देऊन घेतलेल्या तिकिटावरहि दंड बसूं शकतो.

तिरानोला दोन स्टेशनें आहेत, एक इटलीचें आणि एक स्विस रेटियन रेल्वेचें. दोन्ही अगदीं शेजारीं असून सामान घेऊन पायीं जाण्यास दोनचार मिनिटें पुरतात. येथून दुसरा टप्पा सुरू होतो, आणि खरें नवलहि येथूनच. १९०८ ते १९१० या काळांत टप्प्याटप्प्यानें खुला झालेला हा बेर्निना मार्ग मीटर गेजचा असून सुमारें ६१ किलोमीटर लांबीचा आहे. तिरानो ४२९ मीटरांवर आहे, आणि गाडी ऑस्पित्सियो बेर्निना या स्टेशनावर २,२५३ मीटरांची उंची गाठते. ही सारी चढण ती मधल्या दांतेरी रुळाच्या आधारावांचून चढते. मुंबई-पुणें मार्गावरील बोर घाटांत सर्वांत कठीण चढण दर ३७ फुटांस १ फूट इतकी आहे. बेर्निना मार्गावर ती दर १४ फुटांस सुमारें १ फूट होते. ब्रुसिओ गांवाजवळ उंची साधण्यासाठीं रूळ उघड्या माळावर गोल वळसा घेतो आणि गाडी नऊ कमानींच्या पुलाखालून अथवा पुलावरून आपल्याच वाटेला ओलांडते. २००८ सालीं युनेस्कोनें हा मार्ग जागतिक वारशांत घेतला. आपल्या कालका-सिमला रेल्वेलाहि तो मान त्याच वर्षीं मिळाला.

या मार्गावर ‘बेर्निना एक्स्प्रेस’ नांवाची छतापर्यंत कांचा असलेली प्रसिद्ध गाडी धांवते. तिच्यांत जागा राखणें सक्तीचें आहे, आणि त्याचा आकार मूळ भाड्याखेरीज निराळा पडतो. सवलतीचा पास असला तरी तो चुकत नाहीं. परंतु त्याच रुळांवरून साध्या गाड्याहि दिवसभर जातात. त्यांना आरक्षणाची गरज नाहीं, आणि तिरानोहून सेंट मॉरिट्झला त्या सुमारें सव्वादोन ते अडीच तासांत पोहोंचतात. शिवाय कांहीं साध्या डब्यांच्या खिडक्या उघडतां येतात, तर त्या कांचेच्या डब्यांच्या उघडत नाहींत. छायाचित्रें घेणाऱ्याला आणि पहाडी वारा तोंडावर घेऊं इच्छिणाऱ्याला साधी गाडीच अधिक सोयीची आहे. वाटेंत आल्प ग्रूमला उतरून हिमनदी न्याहाळावी आणि मागाहून येणाऱ्या गाडीनें पुढें जावें, ही मोकळीकहि तिच्यांतच मिळते.

तिकिटांचा विचार करतांना एक सूत्र ध्यानांत ठेवावें: तिकीट जितकें स्वस्त, तितकें तें बहुधा बांधलेलें. शहराशहरांतील जलद गाड्यांचीं आगाऊ सवलतीचीं तिकिटें ठराविक गाडीपुरतींच चालतात; ती गाडी चुकली कीं पैसे बुडाले. मिलान-तिरानो-सेंट मॉरिट्झ या वाटेचा विशेष असा कीं, येथें दोन्ही टप्प्यांचीं साधीं तिकिटें गाडीशीं बांधलेलीं नसतात. मिलानची गाडी उशिरां आली तर नुकसान होतें तें एखाद्या तासाचें. पैशाचें होत नाहीं. मात्र दोन तिकिटें निरनिराळीं असल्यामुळें दिवसाची शेवटची स्विस गाडी चुकल्यास ती जबाबदारी कोणाही रेल्वेची राहत नाहीं. म्हणून मिलान सकाळींच सोडावें, आणि तिरानोहून निघणाऱ्या शेवटच्या गाडीची वेळ आधीं पाहून ठेवावी. युरोपांतील वेळापत्रकें डिसेंबरच्या मध्यास बदलतात. गतवर्षीच्या प्रवाशानें सांगितलेल्या वेळेवर विसंबूं नये.

स्वित्झर्लंडमध्यें परदेशी प्रवाशांसाठीं दोन मुख्य सवलती आहेत. ‘स्विस ट्रॅव्हल पास’ घेतल्यास ठराविक दिवस देशभर हिंडतां येतें, आणि तो तिरानोपर्यंतहि चालतो. ‘स्विस हाफ फेअर कार्ड’ घेतल्यास महिनाभर बहुतेक सर्व गाड्यांचें, बसचें आणि पुष्कळशा दोरगाड्यांचें भाडें निम्मेंच पडतें. हिशेब सोपा आहे. ठरविलेल्या सर्व स्विस प्रवासाचें पूर्ण भाडें कागदावर मांडावें. ती बेरीज कार्डाच्या किंमतीच्या दुपटीहून अधिक झाली तरच कार्ड फायद्याचें. जो रोज नव्या गांवीं जाणार त्याला पास परवडतो. जो एकाच ठिकाणीं चार दिवस राहणार त्याला बहुधा कार्डच पुरतें. सहा वर्षांखालील मुलांना आईबापांबरोबर भाडें पडत नाहीं. सहा ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठीं आईबापांच्या पासाबरोबर किंवा कार्डाबरोबर ‘स्विस फॅमिली कार्ड’ विनामूल्य मिळतें. तें मागून घेण्यास विसरल्यास चौघांच्या कुटुंबाला मोठा भुर्दंड बसतो.

आतां सीमेचा प्रश्न. स्वित्झर्लंड हें युरोपीय संघाचें सभासद नाहीं, पण २००८ पासून शेंगेन व्यवस्थेंत आहे. त्यामुळें भारतीय प्रवाशाला इटली आणि स्वित्झर्लंड यांसाठीं एकच व्हिसा पुरतो. तो कोणत्या देशाकडे मागावयाचा हें मुक्कामाच्या दिवसांवर ठरतें: जेथें मुक्काम अधिक, त्या देशाकडे; दोन्हीकडे सारखाच असल्यास प्रथम प्रवेश होणाऱ्या देशाकडे. येथेंच काटकसरीचा एक पेंच उद्भवतो. तिरानोला राहण्याची सोय सेंट मॉरिट्झपेक्षां सामान्यतः स्वस्त पडते, म्हणून पुष्कळांना तेथें मुक्काम करून वर जाऊन येण्याचा मोह होतो. बेत चांगला आहे. पण त्यानें इटलीचे दिवस वाढतात. अर्ज स्विस वकिलातीकडे आणि मुक्काम मात्र इटलींत, असा विसंवाद कागदोपत्रीं दिसला तर व्हिसा नाकारला जाण्याची भीति असते. यास्तव आधीं रात्री मोजाव्या आणि मग अर्ज भरावा. अर्ज प्रवासापूर्वीं सहा महिन्यांपर्यंत करतां येतो. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमाहि लागतो.

गाडींत पारपत्र जवळच ठेवावें. सीमेवर जकात अधिकारी केव्हांहि डब्यांत येऊं शकतात. घरून निघतांना पेढे, तूप यांसारखे दुधाचे पदार्थ बांधून घेऊं नयेत. बाहेरच्या देशांतून ते युरोपीय संघांत आणण्यास मनाई आहे. तिरानोपर्यंत युरो चालतात, पुढें फ्रँकांचा व्यवहार. दुकानांतील यंत्रानें कार्डावरील रक्कम रुपयांत घ्यावी काय असें विचारल्यास नकार देऊन स्थानिक चलनच निवडावें. रुपयांचा दर तेथें बहुधा तोट्याचा असतो.

शेवटचा प्रश्न काळाचा. आपल्याकडे मुलांना सुटी मे महिन्यांत असते, आणि नेमका तोच सेंट मॉरिट्झचा मधला, निजलेला काळ. हिवाळी खेळ संपलेले असतात, उन्हाळी पायवाटा उघडलेल्या नसतात, पुष्कळ हॉटेलें आणि दोरगाड्या बंद असतात. नोव्हेंबरचीहि बरीचशी तीच गत. तथापि बेर्निनाची गाडी बारमाही चालते आणि मे महिन्यांत खिंडींत पुष्कळदा अजून बर्फ असतें. ज्याला गाडीच्या खिडकींतून हिमालंकृत डोंगर पाहावयाचे आहेत, त्याला मे महिना स्वस्त आणि पुरेसा आहे. ज्याला डोंगरांत पायीं हिंडावयाचें आहे, त्यानें जूनच्या उत्तरार्धानंतर जावें. दोन्ही ऋतूंत गरम कपडे हाताशीं असावेत, कारण तिरानोच्या उन्हांतून निघालेली गाडी दोन तासांच्या आंत थंडगार खिंडींत आणून सोडते.

परतीची वाट उत्तरेकडून घेतां आली तर उत्तम. सेंट मॉरिट्झहून अल्बुला मार्गानें कूर आणि तेथें गाडी बदलून झुरिक, असा सुमारें साडेतीन तासांचा प्रवास आहे. विमानाचें तिकीट जातांना मिलानचें आणि येतांना झुरिकचें काढल्यास तीच वाट पुन्हां तुडवावी लागत नाहीं.

अशा प्रवासांत पैसे वांचतात ते सुख कमी करून नव्हे. बेर्निनाची हिमनदी साध्या डब्यांतल्या उतारूला जितकी दिसते, तितकीच ती कांचेच्या डब्यांतल्या उतारूलाहि दिसते. वर्षानुवर्षें शिल्लक टाकून एकदांच परदेशीं जाणाऱ्या कुटुंबाला या गोष्टीचें मोल अधिक आहे. कारण आरक्षणावर न गेलेल्या पैशांत त्या डोंगरांच्या सान्निध्यांत आणखी एक दिवस काढतां येतो.