कोंडलेला वायू
(पर्यायी इंधने : लेखांक चौथा)

पेट्रोलऐवजी नैसर्गिक वायूवर मोटार चालविणे इंजिनाच्या दृष्टीने फारसे दुष्कर नाही. दुष्कर आहे ते हा वायू मोटारीबरोबर वाहून नेणे. गेल्या लेखांकात पाहिलेला एलपीजी बेताच्या दाबाखालीच द्रवरूप होऊन टाकीत निमूट बसतो. परंतु नैसर्गिक वायूचा प्रधान घटक जो मिथेन, तो आपल्याकडच्या तापमानात कितीही दाबला तरी द्रव होत नसल्यामुळे, वातावरणाच्या सुमारे 200 पट दाबाखाली त्याला पोलादी टाकीत कोंडून ठेवण्यावाचून गत्यंतर उरत नाही. अशा दाबून कोंडलेल्या नैसर्गिक वायूच्या, म्हणजे सीएनजीच्या, बहुतेक गैरसोयींचे मूळ येथेच आहे. 60 लिटरांची टाकी डिकीची बरीचशी जागा अडविते आणि तीत वायू मावतो तो अवघा नऊ-दहा किलो.

पंपावरील रांगांचे कारणही तेच. ज्या पंपापर्यंत नळवाहिनी पोहोचलेली नाही, त्याला नळवाहिनीवरच्या 'मदर स्टेशना'वर भरलेल्या नळकांड्यांची चळत ट्रकने आणावी लागते. आणि वायू अधिक दाबाकडून कमी दाबाकडेच वाहत असल्याने, चळत रिकामी होत जाते तसतसा भरणा मंदावतो. रिक्षावाले ज्याला 'प्रेशर नाही' म्हणतात ते हेच. त्यात भरताना टाकीतला वायू तापतो, काटा भरल्याची ग्वाही देतो आणि टाकी निवल्यावर तोच काटा खाली येतो. याबद्दल पंपावरच्या पोऱ्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

दिल्लीने हा धडा सार्वजनिकरीत्या गिरवला. पर्यावरणाचे खटले लढविणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जुलै 1998 मध्ये, शहरातील सर्व बसगाड्या 31 मार्च 2001 पर्यंत सीएनजीवर आणाव्यात, असा हुकूम दिला. हुकूम माझ्या मते रास्तच होता. पण पंपांची आणि कॉम्प्रेसरांची तजवीज मागे राहिल्यामुळे मुदत टळली, वाहनांच्या लांबच लांब रांगा लागल्या, आणि डिझेलच्या शहर-बसगाड्या रस्त्यावरून जाण्यास 2002 चे वर्ष सरत आले.

इंजिनाची शक्ती थोडी घटते, ही तक्रार मात्र खोटी नव्हे. वायुरूप इंधन सिलिंडरमध्ये हवेचीच काही जागा व्यापते; शिवाय मिथेनचा ऑक्टेन अंक पेट्रोलहून बराच वरचा असूनही, पेट्रोलसाठी घडविलेल्या इंजिनात संपीडनाचे प्रमाण वाढविण्याची मुभा नसल्याने तो गुण वाया जातो.

सुरक्षिततेविषयी लोकांची भीती बव्हंशी भलत्याच ठिकाणी आहे. गळालेला मिथेन हवेहून हलका असल्यामुळे मोकळ्या जागी वर निघून जातो, तर एलपीजी जड असल्यामुळे तळघरात साचून राहतो. खरी जोखीम आहे ती दाबाची. भरण्याच्या वेळी उतारूंना खाली उतरवितात ते याचसाठी, आणि टाकीची दर तीन वर्षांनी जलदाब-चाचणी करून घेण्याचा दंडकही याचसाठी. जुनी गाडी विकत घेणाराने रंगापेक्षा आधी या चाचणीचा दाखला पाहावा.