‘स्टील माय थंडर’ : चोरीला गेलेल्या गडगडाटाची गोष्ट

आपण मांडणार असलेली कल्पना सहकाऱ्याने बैठकीत आधीच मांडून वाहवा मिळवली किंवा बहिणीच्या साखरपुड्यातच भावाने स्वतःच्या लग्नाची घोषणा केली, तर इंग्रजीत ‘स्टील माय थंडर’ हा वाक्प्रचार वापरतात. शब्दशः अर्थ ‘माझा गडगडाट चोरणे’. त्याचा उगम लंडनच्या रंगभूमीवर आहे.

नाटककार व समीक्षक जॉन डेनिस यांचे ‘अपियस अँड व्हर्जिनिया’ हे शोकनाट्य १७०९ मध्ये ड्रुरी लेन नाट्यगृहात रंगमंचावर आले. त्या नाटकासाठी डेनिस यांनी मेघगर्जनेचा आवाज काढण्याची नवी युक्ती शोधली होती. नाटक पडले आणि काही प्रयोगांतच बंद झाले. पुढे त्याच नाट्यगृहात ‘मॅकबेथ’ पाहताना डेनिस यांच्या कानी ओळखीचा गडगडाट आला. नाटक नाकारणाऱ्यांनी युक्ती मात्र ठेवून घेतली होती! डेनिस प्रेक्षागृहातच उभे राहिले आणि हा गडगडाट आपला आहे, असे संतापाने ओरडले, अशी आख्यायिका आहे. त्यांचे नेमके शब्द वेगवेगळ्या लेखकांनी वेगवेगळे दिले आहेत.

त्यांच्या हाती दाद मागण्याचे साधन नव्हते. लेखकांना छापील पुस्तकांवर हक्क देणारा ब्रिटनमधील कायदा १७१० मध्ये अमलात आला. नाटकाच्या प्रयोगावरील हक्कासाठी नाटककारांना १८३३ पर्यंत वाट पाहावी लागली. रंगमंचामागच्या एका आवाजाला कोण संरक्षण देणार?

काळाच्या ओघात वाक्प्रचाराचा अर्थ विस्तारला. डेनिस यांची वस्तू खरोखरच वापरली गेली होती. आज मात्र काहीही न चोरता, केवळ आधी बोलून किंवा अधिक लक्ष वेधूनही ‘थंडर’ चोरता येते. म्हणूनच मराठीत त्याला एकच प्रतिशब्द पुरत नाही. दुसऱ्याच्या कष्टावर नाव कमावले, तर ‘श्रेय लाटले’ म्हणावे. दुसऱ्याच्या समारंभात स्वतःच चमकून गेला, तर ‘भाव खाऊन गेला’. पहिल्यात अन्याय आहे, दुसऱ्यात कदाचित केवळ अनवधान. इंग्रजी वाक्प्रचार हा भेद झाकतो. म्हणून कार्यालयात तो उच्चारण्यापूर्वी आपली तक्रार यांपैकी कोणती आहे, हे ठरवलेले बरे. कारण ऐकणाऱ्याला त्यात चोरीचा आरोपही ऐकू येऊ शकतो.

डेनिस यांचे नाटक आज क्वचितच कोणी वाचते. त्यांचा गडगडाट मात्र इंग्रजी भाषेत तीन शतकांनंतरही घुमतो आहे.