न झालेल्या गोलांचा हिशेब

१९२८ च्या अॅम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारताने हॉकीचं पहिलं सुवर्णपदक जिंकलं. पाच सामने, २९ गोल. त्यातले १४ ध्यानचंदांचे, हे हॉकीच्या कुठल्याही चाहत्याला विचारा, तो सांगेल. त्याच स्पर्धेत भारतावर मात्र एकही गोल झाला नाही. तेव्हा गोलमध्ये कोण उभं होतं असं विचारलं, तर बहुतेक जण गप्प होतात. त्या खेळाडूचं नाव रिचर्ड अॅलन. जन्म आपल्या नागपूरचा.

झालेला गोल फलकावर लागतो. अडवलेला गोल टाळ्या संपेपर्यंतच टिकतो. आणि समजा, अॅलन यांना त्या वर्षीचा उत्तम खेळाडू ठरवायचं आपण मनावर घेतलं, तरी एक प्रश्न आडवा येतोच. या शून्यात त्यांचा वाटा किती आणि पुढच्या खेळाडूंचा किती? चेंडू त्यांच्यापर्यंत पोचलाच किती वेळा?

नेमका हाच प्रश्न अमेरिकेत दर वर्षी हंगाम संपताना विचारला जातो. तिथल्या महाविद्यालयांत आइस हॉकी, म्हणजे बर्फावरची हॉकी, मोठ्या ईर्ष्येने खेळली जाते. चेंडूऐवजी रबराची जाड चकती, पायांत स्केट्स, सामना साठ मिनिटांचा. गोल सहा फूट रुंद आणि चार फूट उंच. पुरुषांच्या सर्वोच्च गटात साठांहून अधिक संघ आहेत. त्यांतल्या सर्वोत्तम खेळाडूला १९८१ पासून होबी बेकर पुरस्कार दिला जातो. २०२५ पर्यंतच्या ४५ पुरस्कारांत गोलरक्षक फक्त तीन : १९८८ मध्ये रॉब स्टॉबर, २००१ मध्ये रायन मिलर आणि २०२२ मध्ये ड्रायडन मॅके. केवळ गोलरक्षकांसाठी असलेला माइक रिक्टर पुरस्कार सुरू व्हायला २०१४ साल उजाडावं लागलं.

गोलरक्षक तोलायचे कसे? जुनं माप अगदी सोपं आहे. साठ मिनिटांच्या खेळामागे सरासरी किती गोल खाल्ले? आकडा जितका लहान, तितका गोलरक्षक चांगला. पण दिसतं तसं नसतं. समजा, एकाच्या गोलवर २० फटके आले आणि त्याने दोन गोल खाल्ले. दुसऱ्यावर ४० आले आणि त्याने तीन खाल्ले. जुन्या मापाने पहिला सरस. पण पहिल्याने शंभरातले ९० फटके अडवले आणि दुसऱ्याने साडेब्याण्णव. म्हणून दुसरं माप आलं : बचावाची टक्केवारी. आलेल्या फटक्यांपैकी किती अडवले, एवढंच ते बघतं.

ही दोन मापं एकमेकांच्या विरोधात कशी उभी राहतात, ते २०२१-२२ च्या हंगामात दिसलं. मिनेसोटा स्टेटचा मॅके साठ मिनिटांमागे १.३१ गोल खात होता, बचाव ९३.१ टक्के. बोस्टनच्या नॉर्थईस्टर्नचा डेव्हन लेव्हाय १.५४ गोल खात होता, बचाव ९५.२ टक्के. एकही गोल न देता संपवलेले सामने दोघांचेही दहा-दहा. आता कोण श्रेष्ठ?

मी गझल लिहिणारा माणूस, गणिताशी माझा संबंध मात्रा मोजण्यापुरता. पण या दोन आकड्यांत एक तिसरा आकडा लपलेला आहे आणि तो साध्या भागाकाराने हाती लागतो. मॅकेकडून शंभरातले ६.९ फटके निसटत होते आणि त्यातून साठ मिनिटांत १.३१ गोल होत होते. म्हणजे त्याच्यावर साठ मिनिटांत सुमारे १९ फटके येत होते. तोच हिशेब लेव्हायचा केला, तर उत्तर येतं ३२. एकाच्या पुढे भक्कम तटबंदी, तर दुसऱ्याच्या दारावर सारख्या धडका. १.३१ या सुरेख आकड्यात मॅकेच्या सहकाऱ्यांचा घाम बराच मिसळलेला होता.

मग निकाल लागला म्हणायचा? थांबा, दुसऱ्या मापातही भेसळ आहे. सगळे फटके सारखे नसतात. लांबून, कोपऱ्यातून आलेला फटका आणि दोन हातांवरून, नजर चुकवून मारलेला फटका टक्केवारीच्या वहीत एकाच भावाने लिहिले जातात. दोघांचे संघ वेगवेगळ्या साखळ्यांतले, प्रतिस्पर्धीही बहुतांशी वेगळे. शिवाय कमी फटके येणं म्हणजे आराम, असंही नाही. दहा मिनिटं नुसतं उभं राहून अकराव्या मिनिटाला अचानक जागं असणं, हीही एक परीक्षाच.

नशिबाचाही वाटा असतो. शंभरातले ९२ फटके अडवण्याची कुवत असलेला गोलरक्षक घ्या. हजार फटक्यांत त्याने ८० गोल खायला हवेत. पण संभाव्यतेचं गणित सांगतं, की कुवत तीच राहूनही साधारण तीनातल्या दोन हंगामांत हा आकडा ७१ ते ८९ च्या दरम्यान कुठेही पडू शकतो. उरलेल्या एका हंगामात तर त्याच्याही बाहेर. म्हणजे ९२ आणि ९३ टक्क्यांतल्या फरकावरून एकाला डोक्यावर घेणं आणि दुसऱ्याला विसरणं धाडसाचं आहे. मॅके आणि लेव्हाय यांच्यातलं अंतर मात्र याच्या दुप्पट होतं. ते नुसत्या नशिबावर ढकलता येत नाही.

त्या वर्षी निकाल असा लागला : रिक्टर पुरस्कार लेव्हायला, होबी बेकर मॅकेला. सर्वोत्तम गोलरक्षक एक आणि सर्वोत्तम खेळाडू दुसराच गोलरक्षक! ऐकायला विसंगत वाटतं. मला तसं वाटत नाही. मॅकेने एका हंगामात ३८ सामने जिंकले होते, असा विक्रम तोवर कुणाचाच नव्हता. कारकिर्दीत एकही गोल न देता संपवलेले त्याचे सामने ३४, तोही विक्रम. होबी बेकरच्या निकषांत खेळाबरोबर चारित्र्य, अभ्यास आणि संघभावनाही येतात. एका पुरस्काराने विचारलं, फटका अडवण्यात कोण वरचढ? दुसऱ्याने विचारलं, हंगाम कोणी पेलला? प्रश्न दोन असतील, तर उत्तरंही दोन असू शकतात.

महिलांच्या हॉकीतलं उदाहरण अधिक बोलकं आहे. विस्कॉन्सिनच्या अॅन-रेने डेबियाँने २०१५-१६ मध्ये तब्बल २१ सामने गोल न देता संपवले. तरी त्या वर्षीचा पॅटी कॅझमायर पुरस्कार केंडल कॉइनला गेला, कारण तिने ५० गोल केले होते. डेबियाँला तो पुढच्या वर्षी मिळाला. कॉइनवर अन्याय करण्याचं कारण नाही, पन्नास गोल म्हणजे थट्टा नव्हे. पण हे पन्नास गोल सगळ्यांनी पाहिले. डेबियाँने टाळलेले गोल कोणी पाहिले?

वृत्तात मात्रा मोजाव्याच लागतात, पण मात्रा जुळल्या म्हणून शेर होतोच असं नाही. आकड्यांचंही तसंच. ते टाकून द्यावेत असं मी म्हणणार नाही. आकडे नसतील, तर उरते फक्त नावाची हवा आणि मोठ्या संघांची वशिलेबाजी. मात्र प्रत्येक आकड्याला विचारायला हवं, बाबा रे, तुझ्यात या माणसाचं किती आणि इतरांचं किती? हे फक्त गोलरक्षकापुरतं नाही. नदीचं पाणी वाढताना रात्रभर धरणाच्या दरवाजांवर बसलेला कर्मचारी, तापाच्या साथीत गटारं उपसणारा सफाई कामगार, यांचं यश म्हणजे काहीच न घडणं. सकाळच्या वर्तमानपत्रात त्याची बातमी येत नाही. अशा माणसांचा न्याय करायचा, तर जे घडलं त्याच्याबरोबर जे घडू दिलं नाही, तेही मोजायला शिकावं लागेल.