हवाई अंतर आणि प्रवासाचा काळ

दोन गावांमधील अंतर किती, या प्रश्नाला दोन उत्तरे संभवतात. नकाशावर सरळ रेषा काढून मिळते ते हवाई अंतर व वाटेने चालून कळते ते प्रत्यक्ष अंतर. शाळा, दवाखाना किंवा एस.टी.चा थांबा कोठे असावा हे ठरविताना या दोहोंतील फरक ध्यानी घेणे अगत्याचे असते. सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यासारख्या डोंगराळ आणि वाड्यावस्त्यांच्या भागात तो विशेषच जाणवतो.

हवाई अंतर कसे काढतात?

दहिवडी आणि सातारा ही ठिकाणे जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. त्यांच्या रेखांशांत सुमारे ३३ कलांचा फरक आहे. अंशाचा साठावा भाग म्हणजे एक कला. विषुववृत्तावर रेखांशाची एक कला सुमारे १.८५ किलोमीटर भरते. उत्तरेकडे जावे तसतशी रेखावृत्ते परस्परांजवळ येतात. त्यामुळे माणच्या अक्षांशावर ती सुमारे १.७७ किलोमीटरच भरते. ३३ ला १.७७ ने गुणले असता सुमारे ५८ किलोमीटर हे हवाई अंतर येते. शिक्षकांना हे उदाहरण वर्गात सहज सोडवून घेता येईल.

ताशी २४० किलोमीटर वेगाचे विमान हे अंतर कागदावर साडेचौदा मिनिटांत तोडील. पुसेगाव, कोरेगावमार्गे जाणारी एस.टी. ताशी सरासरी ३० किलोमीटरने गेली, तर एवढ्याच अंतराला जवळजवळ दोन तास लागतील. आणि रस्ता तर सरळ रेषेहून लांबच असतो.

अंतर थोडे, वेळ अधिक

स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्कनी द्वीपसमूहात वेस्ट्रे व पापा वेस्ट्रे ही दोन बेटे आहेत. त्यांच्या विमानतळांमधील अंतर अवघे २.७ किलोमीटर आहे. १९६७ पासून चालू असलेली ही विमानफेरी जगातील सर्वांत लहान नियमित फेरी मानली जाते. वेळापत्रकात तिला दोन मिनिटे दिलेली असतात. हिशेब केला तर सरासरी वेग ताशी ८१ किलोमीटर एवढाच पडतो. याचे कारण उघड आहे. उड्डाण करणे व उतरणे यांस लागणारा वेळ अंतर कमी झाले म्हणून कमी होत नाही.

हाच नियम जमिनीवरील प्रवासासही लागू पडतो. वस्तीवरील रुग्णाला पाच किलोमीटरवरील दवाखान्यात जावयाचे असेल, तर वाहनाची वाट पाहण्यातच बहुतांश वेळ खर्च होतो. पावसात ओढ्याला पाणी आले की पलीकडे दिसणारी शाळाही दूरची होते.

नियमांतील तरतूद

शिक्षणहक्क कायदा, २००९ खालील केंद्राच्या २०१० च्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक व सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या परिसरात शाळा असावी, असे म्हटले आहे. दुर्गम भूभाग, पूर, रस्त्यांचा अभाव अशा ठिकाणी मुलांचा धोका टळावा म्हणून ही मर्यादा कमी करण्याची तरतूदही त्यांत आहे.

तेव्हा पंचायत सदस्यांनी प्रस्ताव पाठविताना केवळ किलोमीटर न लिहिता लहान मुलास चालण्यास लागणारा वेळ, वाटेतील ओढे व चढ आणि पावसाळ्यातील पर्यायी वाट यांची नोंद करावी. सरळ रेषेने मोजलेल्या अंतरात या गोष्टी दिसत नाहीत. त्या गावकऱ्यांनीच निदर्शनास आणून दिल्या पाहिजेत.