चांदण्यांतील मुक्काम आणि भरती

मुंबईहून आगगाडीनें सफाळें स्थानकावर उतरून एडवणच्या किनाऱ्यावर सहकुटुंब तंबूचा मुक्काम करावयाचा, तर पौर्णिमेची रात्रच मनांत भरते. परंतु वाचकहो, हीच रात्र सावधगिरीची! त्या दिवशीं सायंकाळीं सुमारें ६ वाजतां पूर्ण ओहोटी असून पुळण विस्तीर्ण दिसते. आणि मध्यरात्रीं, सारीं मुलेंबाळें निजलेलीं असतां, उधाणाचें पाणी वर चढतें. कारण सूर्य, पृथ्वी व चंद्र तेव्हां एका ओळींत येतात. दर्यावर्दी लोकांचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, अष्टमीस सुमारें ६ वाजतां. म्हणून लाटांनीं टाकलेल्या काटक्याकचऱ्याची सर्वांत वरची रेघ पाहून, तिच्याही बरेंच वर तंबू ठोकावा. चांदणें तेंच, झोंप मात्र निर्धास्त!