गुन्ह्याच्या दिवशी वय किती होतं?

बंगळुरूच्या शिवाजीनगरात १९४७ पर्यंत म्हैसूरच्या महाराजांचा कायदा चालत नव्हता. ही वस्ती ‘सिव्हिल अँड मिलिटरी स्टेशन’च्या हद्दीत. इथे अंमल ब्रिटिश रेसिडेंटचा, तर जवळच्याच जुन्या पेठेत कोर्टं म्हैसूर दरबाराची. चोरी करताना पोर कोणत्या हद्दीत सापडलं, यावर त्याचा न्यायाधीश ठरायचा. देशभर थोड्याफार फरकाने हीच गत होती. मुलांसाठी वेगळा कायदा मद्रासने १९२० मध्ये केला, मुंबईने १९२४ मध्ये, म्हैसूरने १९४३ मध्ये. १९५६ ला बेळगाव-धारवाडसकट चहूबाजूंचे मुलूख म्हैसूर राज्याला जोडले गेले आणि १९६४ मध्ये तिथे सगळ्यांसाठी एक कायदा झाला.

मुंबईत बालन्यायालय १९२७ मध्येच सुरू झालं. टिळक-आगरकरांनी १८८२ मध्ये १०१ दिवस काढले त्या डोंगरीच्या तुरुंगाच्या जागी पुढे मुलांचं निरीक्षणगृह आलं. तरीही देशभरात शेकडो मुलं मोठ्यांच्या तुरुंगात पडून होती. ते कोर्टासमोर आणलं मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी. त्यांच्या याचिकेवर १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलांना तुरुंगात ठेवू नका असं बजावलं आणि साऱ्या देशासाठी एकच कायदा करण्याची गरज सांगितली. त्याच वर्षी संसदेने बाल न्याय कायदा केला. एका बाईच्या चिकाटीचं एवढं फळ क्वचितच दिसतं.

पण एक साधा प्रश्न लटकतच राहिला: वय मोजायचं कोणत्या दिवसाचं? २००० मध्ये अर्णित दास खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, मुलाला अधिकाऱ्यापुढे हजर केलं त्या दिवसाचं. म्हणजे पोलिसांनी पकडायला उशीर केला की मुलाचं मूलपण संपलं! २००५ मध्ये प्रताप सिंग खटल्यात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ही चूक दुरुस्त केली आणि गुन्ह्याचा दिवस धरला. २००६ च्या दुरुस्तीने अल्पवयीन असल्याचा दावा कोणत्याही टप्प्यावर, अगदी अंतिम निकालानंतरही, करण्याची मुभा दिली.

या दुरुस्तीचं मोल कळतं ते पुण्याच्या राठी हत्याकांडात. १९९४ मध्ये एका घरातल्या सात जणांचा खून झाला, त्यांत लहान मुलं होती आणि एक स्त्री गरोदर होती. इतकं भयंकर कृत्य, की आरोपींच्या वयाकडे बघावं असं कुणाला वाटलंच नाही. दोघांना फाशी झाली आणि २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती कायम केली. पुढे त्यांतल्या एकाचा राजस्थानातल्या शाळेचा दाखला पुढे आला. त्यावर नाव वेगळं होतं. म्हणून तो त्याचाच आहे का, याची पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांनी चौकशी केली. गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता, हे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं. ज्याला बाल न्याय कायद्याखाली जास्तीत जास्त तीन वर्षं सुधारगृहात ठेवता आलं असतं, तो अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होता आणि त्यातला बराच काळ फाशीच्या छायेत. मेलेल्यांचं दुःख याने तसूभर कमी होत नाही. पण बारा वर्षांच्या पोराला फाशी सुनावणारी व्यवस्था त्या दुःखालाही न्याय देत नव्हती, असं मी ठामपणे म्हणेन.

२०१२ च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्कार प्रकरणात एक आरोपी अल्पवयीन होता; त्यानंतर वारं फिरलं. २०१५ च्या कायद्याने सोळा ते अठरा वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्यासाठी प्रौढासारखा खटला चालवण्याचं दार उघडलं; आधी बाल न्याय मंडळाने त्याची मानसिक व शारीरिक क्षमता आणि परिणामांची समज तपासायची. पुण्याच्या कल्याणीनगरमधल्या २०२४ च्या मोटार अपघातानंतर गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर जामीन मिळाला; त्यावर लोक संतापले, ते स्वाभाविक होतं. तरी २०२५ मध्ये मंडळाने त्या मुलावर प्रौढासारखा खटला चालवायची पोलिसांची मागणी फेटाळली. संतापाने मुलाचं वय वाढत नाही. मंडळाने हे धरून ठेवलं ते बरं झालं.

वय ठरवताना कायदा आधी शाळेचा दाखला बघतो, तो नसेल तर जन्माचा दाखला, आणि तोही नसेल तरच हाडांची तपासणी. बंगळुरूतल्या शिवाजीनगरच्या बाजारात राबणाऱ्या, गाव सोडून आलेल्या घरांतल्या मुलांकडे नेमके हेच कागद नसतात. म्हणून ओळखीच्या प्रत्येक घराला सांगा: जन्माची नोंद करा, शाळा सुटली तरी दाखला जपून ठेवा. आणि एखाद्या मुलाला पोलिसांनी नेलंच, तर त्याला कोठडीत ठेवता येत नाही, चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. तसं होत नसेल तर मुलांच्या मदतीसाठीच्या १०९८ किंवा मोफत कायदेशीर मदतीच्या १५१०० या क्रमांकावर त्याच रात्री फोन करा.